पेशंटचं कोण आहे?

अतिदक्षता विभागाच्या दारात पहिला प्रश्न हाच येतो. गुरूला घेऊन आलेला तृतीयपंथी चेला, वीस वर्षं एकत्र राहिलेला समलिंगी जोडीदार, फुटपाथवर एकट्या राहणाऱ्या म्हातारीला रिक्षात घालून आणणारी शेजारीण, यांचं उत्तर बहुतेकदा नोंदवहीच्या रकान्यात बसत नाही. अशा माणसांसाठी वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे लिव्हिंग विल, सर्वांत मोलाचं आहे. नेमकं त्यांच्यापर्यंतच ते पोहोचत नाही, आणि त्यामागे काही पक्के गैरसमज आहेत.

‘हे इस्टेटवाल्यांचं काम.’ या कागदाचा मालमत्तेशी काहीही संबंध नाही. आपण बोलू शकत नसू तेव्हा कोणते उपचार नकोत आणि आपल्या वतीने कुणी बोलायचं, एवढंच त्यात असतं. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी त्याला मान्यता दिली, पण न्यायदंडाधिकाऱ्याच्या सहीची अट घातली. गरिबाने कोर्टाची पायरी कशी चढायची? २४ जानेवारी २०२३ला ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत.

‘रक्ताचं नातंच लागतं.’ न्यायालयाने ‘पालक किंवा जवळचा नातेवाईक’ असं म्हटलं आहे आणि एकाहून अधिक नावं देण्याची मुभा ठेवली आहे. रक्ताच्या नात्याची सक्ती त्यात नाही. केईएम रुग्णालयात वर्षानुवर्षं निपचित पडून राहिलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांचा खटला इथे आठवायलाच हवा. २०११ साली न्यायालयाने त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क मानला तो केईएम रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा, कारण वर्षानुवर्षं सेवा त्यांनी केली होती. सांभाळणारा तो आपला, हे गुरू-चेल्यांच्या घराण्यात कुणाला शिकवावं लागत नाही. पण रुग्णालयाला ते लिहूनच दाखवावं लागतं. नाहीतर ज्या घराने हाकलून दिलं, त्याच घरातला कुणीतरी शेवटच्या दिवशी येतो आणि त्याचाच शब्द चालतो. म्हणून नाव लिहाच. जमलं तर कोणत्या नावाने हाक मारायची, कोणत्या वॉर्डात ठेवायचं, तेही लिहा. ते कायद्याने बांधील ठरेलच असं नाही, पण उपचार करणाऱ्या नर्सला ते कळलेलं बरं.

‘सही केली की उपचार बंद.’ ही भीती मी हलक्यात घेणार नाही. ज्यांना खाट नाकारली गेली, ओपीडीत ज्यांच्याकडे कुणी पाहिलंही नाही, त्यांना उपचार नाकारायचा कागद पुढे केला तर संशय येणारच. म्हणून हे नीट सांगायला हवं : शुद्धीत असेपर्यंत तुमचा तोंडी शब्दच चालतो. कागद लागू होतो तो बरं होण्याची आशा संपल्यावर, तेही डॉक्टरांच्या दोन स्वतंत्र मंडळांनी मान्य केल्यावर. मत बदललं तर तो लेखी रद्दही करता येतो. आणि व्हेंटिलेटर नको म्हटलं, तरी वेदनाशमन थांबत नाही. मॉर्फिन, जखमेची काळजी, सोबत हे सगळं मागण्याचा हक्क शाबूत राहतो. खरी उणीव तिथेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ज्यांना परिहार सेवेची, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या पॅलिएटिव्ह केअरची, गरज आहे, अशा जगभरातल्या लोकांपैकी सुमारे १४ टक्क्यांनाच ती मिळते. जिथे दुखणं कमी करणारं औषधच मिळत नाही, तिथे ‘उपचार नकोत’ ही खरी निवड म्हणता येत नाही. सेवा आणि कागद बरोबरीनेच यायला हवेत.

‘मृत्यूनंतरचंही यातच येतं.’ नाही. इच्छापत्राचा अंमल मृत्यूबरोबर संपतो. मृतदेहाबाबत केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ऑगस्ट २०२४मध्ये राज्यांना कळवलं, की जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर समलिंगी जोडीदाराला तो ताब्यात घेऊ द्यावा. नातेवाईक हजर असून वाद घालत असतील, तर हे पत्र तोकडं पडतं.

कागद झाला की एक प्रत नेमलेल्या माणसाकडे आणि एक नेहमीच्या डॉक्टरकडे द्या. तिसरी महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या नियुक्त अधिकाऱ्याकडे जमा करायची असते. मुंबई उच्च न्यायालयातल्या डॉ. निखिल दातार यांच्या याचिकेनंतर महाराष्ट्रात असे अधिकारी नेमले गेले. ते कोण, हे कार्यालयात विचारा. माहीत नाही म्हणाले, तर लेखी विचारा आणि पोच घ्या.