कोलेस्टेरॉलवरील औषधे : गुग्गुळाचा दावा आणि स्टॅटिनचा पुरावा

रक्तातील कोलेस्टेरॉल वाढल्याचे निदान झाले की अनेक भारतीय कुटुंबांत दोन नावे पुढे येतात : डॉक्टरांनी लिहून दिलेले स्टॅटिन आणि वडीलधाऱ्यांनी सुचवलेला गुग्गुळ. दोन्ही औषधे चरबी कमी करणारी म्हणून ओळखली जात असली, तरी त्यांच्यामागील पुरावा सारखा नाही.

राजस्थान, गुजरात आणि मध्य प्रदेशातील चंबळ खोऱ्यात वाढणाऱ्या काटेरी झुडपाचा डिंक म्हणजे गुग्गुळ. सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या वर्णनाचा आधार घेऊन जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात त्याचा अभ्यास केला. गुग्गुळामुळे सशांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल घटत असल्याचे त्यांच्या १९६६ च्या प्रबंधातून समोर आले. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने 'गुगुलिपिड' हे औषध विकसित केले आणि १९८६ मध्ये त्याला भारतात मंजुरी मिळाली.

मुंबई आणि नागपूरसह सात शहरांत या औषधाच्या चाचण्या झाल्या. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, १२ आठवड्यांची खुली चाचणी २०५ रुग्णांनी पूर्ण केली आणि बहुतेकांचे कोलेस्टेरॉल घटले. मात्र खुल्या चाचणीत कोणते औषध दिले जात आहे, हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही ठाऊक असते.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील चाचणीचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात १०३ जणांपैकी काहींना गुगुलिपिड, तर काहींना औषधविरहित गोळी देण्यात आली. आठ आठवड्यांनंतर औषधविरहित गोळी घेणाऱ्यांचे एलडीएल, म्हणजे घातक समजले जाणारे कोलेस्टेरॉल, ५ टक्क्यांनी घटले. गुगुलिपिड घेणाऱ्यांचे ४ ते ५ टक्क्यांनी वाढले. काहींच्या अंगावर पुरळही उठले.

स्टॅटिनचे कार्य वेगळे आहे. यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या एका विकराला ते रोखते. त्यामुळे यकृत रक्तातील एलडीएल अधिक प्रमाणात ओढून घेते. जपानचे शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात बुरशीपासून या गटातील पहिले द्रव्य मिळवले. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातील चाचणीत ४,४४४ हृदयरुग्ण सहभागी होते. सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्या गटात मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. गुग्गुळाबाबत असा पुरावा उपलब्ध नाही.

स्टॅटिन पूर्णपणे निर्धोक नाही. काही रुग्णांचे स्नायू दुखतात, क्वचित स्नायूंना गंभीर इजा होते. गर्भावस्थेत ते सहसा दिले जात नाही. स्टॅटिन पुरेसे ठरत नसल्यास आतड्यातील शोषण कमी करणारे इझेटिमाइब जोडता येते. ट्रायग्लिसराइड फार वाढले असल्यास फायब्रेट गटातील औषधांचा विचार होतो.

खरा धोका परस्पर औषध बदलण्यात आहे. अहवाल 'नॉर्मल' येणे हा बहुधा गोळीचाच परिणाम असतो. ती थांबवल्यास काही आठवड्यांत कोलेस्टेरॉल पुन्हा वाढते, परंतु त्याची कोणतीही जाणीव होत नाही. दोन्ही औषधे सोबत घेणेही नेहमी सुरक्षित नसते. गुगुलिपिडमुळे डिल्टियाझेम आणि प्रोप्रॅनोलॉल ही हृदयरोगावरील औषधे रक्तात कमी प्रमाणात पोहोचत असल्याचे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात आढळले होते. त्यामुळे गुग्गुळ घेत असल्यास रुग्णाने ते डॉक्टरांना सांगणे आणि सुरू असलेले स्टॅटिन त्यांच्या सल्ल्याविना बंद न करणे आवश्यक आहे.