दस्ता बदलताना : ७. बैठक आधी, वजन मागून

आज दस्त्याची मापं घ्यायची ठरली होती. ती पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण डेन्व्हरच्या एका वाचकांचं पत्र आलंय. त्यांच्याकडे रेमिंग्टन ७०० आहे, .३०-०६ ची, अक्रोडाच्या दस्त्यातली. हंगामात ते ती खांद्याला लावून कोलोरॅडोच्या डोंगरात एल्कच्या मागावर जातात. आता गुडघे कुरकुरू लागलेत, तेव्हा कार्बन फायबरचा सर्वांत हलका दस्ता कोणता, एवढंच त्यांना हवंय.

वजनाचं आधी उरकतो. कार्बन फायबरने पाऊण-एक पौंड सहज वाचू शकतो. पण आठ पौंडांची रायफल सात पौंडांची झाली, की त्याच काडतुसाच्या धक्क्याची ऊर्जा सातव्या हिश्शाने वाढते. .३०-०६ मुळातच काही गरीब गाय नव्हे. तरी चांगलं रबरी पॅड लावलं की हे निभावतं. खरी मेख आहे ती बेडिंगमध्ये, म्हणजे धातूच्या बैठकीत, आणि पत्रात तिचा उल्लेखही नाही.

गोळी सुटली की नळी आणि रिसीव्हर मागे धडकतात. मग ते पुन्हा नेमक्या त्याच जागी येऊन बसले पाहिजेत. ही जबाबदारी दस्त्याची. रेमिंग्टन ७०० चा रिसीव्हर गोल आहे. धक्का झेलणारा रिकॉइल लग ही एक सुटी चकती, नळी आणि रिसीव्हर यांच्यामध्ये आवळलेली. तिचा खाली आलेला भाग दस्त्यातल्या खाचेत बसतो. सगळा मार त्या भागाच्या मागच्या अंगावर. विंचेस्टर मॉडेल ७० चा तळ सपाट आणि लग अंगचाच, म्हणून ती जागेवर निमूट बसते. गोल रिसीव्हरला मात्र संधी मिळाली की तो खाचेत कुशीवर वळू पाहतो.

लाकडाचं दुखणं इथेच. अमेरिकी मरीन सैनिकांनी १९६६ मध्ये व्हिएतनामला नेलेल्या एम-४० रायफली म्हणजे याच रेमिंग्टन ७००, अक्रोडी दस्त्यातल्या. तिथल्या दमट हवेत लाकूड फुगायचं, वाकायचं, नळीला टेकायचं आणि नेम सरकायचा. सत्तरच्या दशकात एम-४०ए१ आली ती मॅकमिलनच्या फायबरग्लास दस्त्यात.

त्यावरून सिंथेटिक म्हणजे उत्तम असा समज पसरला. तो मला अजिबात मान्य नाही. साच्यात ओतलेला स्वस्त प्लास्टिकचा दस्ता पाण्याने फुगत नाही, कबूल. पण त्याचा पुढचा भाग आतून पोकळ असतो, नुसत्या फासळ्यांवर उभा. रायफल रिकामी करा, बोल्ट काढून बाजूला ठेवा आणि नळी व दस्त्याच्या फटीत एक डॉलरची नोट सरकवा. आता दस्त्याचं टोक अंगठ्याने नळीकडे दाबा. नोट अडकली, तर उद्या पट्टा ताणल्यावर किंवा बायपॉडवर भार टाकल्यावर हेच होणार. असल्या दस्त्यापेक्षा नीट बेडिंग केलेला अक्रोड मी केव्हाही पत्करेन.

मग घ्यावं काय? एक वाट एचएस प्रिसिजनची : दस्त्यातच बसवलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा. अमेरिकी लष्कराची १९८८ ची एम-२४ अशाच दस्त्यात होती. जाहिराती म्हणतात, बसवा, स्क्रू आवळा आणि चालू लागा. माझं मत, त्यावरही इपॉक्सीचा पातळ थर द्यावाच. कारखान्यातून आलेले सगळे रिसीव्हर हुबेहूब सारखे नसतात. दुसरी वाट फायबरग्लास किंवा कार्बनच्या दस्त्यात स्क्रूंभोवती धातूच्या नळ्या बसवून इपॉक्सी भरण्याची. धातूला मेण चोपडायचं, भोकं मातीने बुजवायची आणि लगच्या पुढे, बाजूंना व खाली टेप चिकटवायची. टेप काढली की तिथे बारीक मोकळीक उरते आणि लग फक्त मागच्या अंगानेच टेकतो. मेण विसरलात, तर रायफल आणि दस्ता यांचं लग्न कायमचं लागलं म्हणून समजा.

काम जमलं का, हे बोटांना कळतं. दस्त्याचं टोक आणि नळी एकाच वेळी चिमटीत धरा आणि पुढचा स्क्रू हळूहळू सैल करा. बोटांखाली नळी उसळल्यासारखी वाटली, तर आवळताना रिसीव्हर वाकतोय. काहीच जाणवलं नाही, तर बैठक पक्की.

साताऱ्याच्या एका परवानाधारकांनी हेच आपल्या इशापूरच्या .३१५ ला लागू होतं का, असं विचारलंय. जसंच्या तसं नाही. ती ली-एन्फील्डच्या वंशातली, तिचा दस्ता दोन तुकड्यांत, मागचा भाग लांब बोल्टने आवळलेला. तिचं गणित निराळं. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर डोंगर चढून शिकारीला जायचा प्रश्न इथे उरत नाही.

डेन्व्हरकरांनी दुकानात फोन करण्याआधी रायफल उलटी करून पाहावी. खाली उघडणारी झडप असेल तर ती बीडीएल, तळ बंद असेल तर एडीएल. दोन्हींच्या दस्त्यांची कोरणी वेगळी आणि स्क्रूही वेगळे. .३०-०६ आहे म्हणजे लाँग ॲक्शन, हेही सांगावं, आणि नळी बारीक आहे की जाड तेही. कारखान्याच्या अक्रोडी दस्त्यात टोकाशी एक उंचवटा असतो, तो नळीला खालून रेटा देतो. नव्या दस्त्यात नळी मोकळी राहील. काही बारीक नळ्यांना तो रेटाच मानवतो, तेव्हा जुना दस्ता लगेच विकू नये.