‘माझं काय चुकलं, सिस्टर?’

नर्सिंगच्या आणि वैद्यकीय महाविद्यालयांत मला अधूनमधून बोलावतात. तत्त्वज्ञानाच्या माणसाचं तिथे काय काम, असं दर वेळी कोणीतरी विचारतंच. माझं काम फार नाही, एका शब्दापुरतं आहे. तो शब्द म्हणजे ‘कारण’.

मनोविकाराच्या वॉर्डात विद्यार्थिनी पहिल्यांदा जाते, तेव्हा तिला रुग्णाइतकेच त्याच्या घरचेही भेटतात. एखादी आई तिला बाजूला घेऊन विचारते, “माझं काय चुकलं, सिस्टर?” पुस्तकात तर ‘कौटुंबिक घटक’ पाठ केलेले असतात. मग तिने काय म्हणायचं?

या प्रश्नाला एक जुना, क्रूर इतिहास आहे. 1948 साली फ्रीडा फ्रॉम-राइखमन यांनी ‘स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई’ अशा अर्थाची संज्ञा वापरली. ती कितीतरी वर्षं चालली. मुलाची उस्तवार करायची, आणि वर आरोपीच्या पिंजऱ्यातही उभं राहायचं! पुरावा मात्र कधी उभा राहिला नाही.

पुढे लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा प्रश्न विचारला. आजार कोणामुळे झाला, हे बाजूला ठेवून त्यांनी पाहिलं की घरी गेलेला रुग्ण पुन्हा कधी बिघडतो. नातेवाईक रुग्णाबद्दल कसं बोलतात हे त्यांनी मोजलं. आपल्या भाषेत सांगायचं, तर “मुद्दाम करतो, आळशी आहे” ही टीका. “याचं तोंडही बघायला नको” हा वैरभाव. आणि तिशीच्या मुलाला हाताने भरवणं, त्याला क्षणभर नजरेआड होऊ न देणं, ही अतिगुंतवणूक. 1972 च्या त्यांच्या अभ्यासात, ज्या घरांत हे जास्त होतं तिथले 58 टक्के रुग्ण नऊ महिन्यांत पुन्हा आजारी पडले. जिथे कमी होतं तिथले 16 टक्के.

इथेच विद्यार्थी घसरतात. “म्हणजे सर, घरच्यांमुळेच ना?” नाही हो! मोडलेल्या पायावर भार पडला, तर हाड जुळायला वेळ लागतो. म्हणून भार टाकणाऱ्याने पाय मोडला, असं ठरत नाही. शिवाय ती टीका येते कुठून? मुलगा आंघोळ करत नाही, दिवसभर अंथरुणात पडून राहतो. तो आजाराचाच भाग असतो, पण घरच्यांना तो स्वभाव वाटतो. “हा आळस नाही, आजार आहे” हे एक वाक्य नीट, दोन-तीनदा, न चिडता समजावलं, की घरातली बोलणी थोडी तरी निवळतात. ते नर्सच करू शकते. डॉक्टरांना वेळ नसतो, हे मी टोमणा म्हणून सांगत नाही.

कुटुंब औषधासारखं उपयोगी पडतं, हे आपल्याकडे फार आधी दिसलं होतं. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी 1950 च्या दशकात आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रुग्णांसोबत राहायला जागा दिली. 1987 साली प्रसिद्ध झालेल्या चंदीगडच्या अभ्यासातही अशी टीका लंडनपेक्षा कमी आढळली.

पण यावरून लगेच एकत्र कुटुंबाची आरती ओवाळू नका. त्या घरात शुश्रूषा करतं कोण? बहुतेकदा आई, नाहीतर सून. केसपेपरवर सही मात्र दीर किंवा सासरे करतात. आणि सूनच आजारी असली तर? तिची हकिगत सासरचे सांगतात, ती शेजारी मान खाली घालून बसते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. सज्ञान रुग्णाला आपला प्रतिनिधी स्वतः नेमता येतो आणि तो नातेवाईकच असावा असं बंधन नाही. विद्यार्थी ही कलमं परीक्षेपुरती लिहितात.

म्हणून मी वर्गात एक गृहपाठ देतो. हकिगत घेताना तीन प्रश्न जास्तीचे विचारा. गोळ्या रोज कोण देतं? रात्री कोण जागतं? आणि त्या माणसाची स्वतःची झोप किती होते? पेशंट बाई असेल, तर चहाच्या निमित्ताने बरोबरच्यांना दहा मिनिटं बाहेर पाठवा, दार लोटून घ्या, आणि तीच हकिगत तिच्या तोंडून पुन्हा ऐका.