परस्परसमीक्षेची मर्यादा : रविकिरण मंडळाच्या निमित्ताने

नवी रचना प्रसिद्ध करण्यापूर्वी ती समानधर्मी लेखकांना वाचून दाखवावी आणि त्यांच्या अभिप्रायाच्या आधारे तपासून घ्यावी, हा प्रघात वाङ्मयव्यवहारात जुनाच आहे. तथापि अशा परस्परसमीक्षेने नेमके काय साधते व काय साधत नाही, याचा विचार क्वचितच होतो. त्या दृष्टीने रविकिरण मंडळाचे उदाहरण उद्बोधक आहे.

पुण्यात १९२३ साली स्थापन झालेल्या या मंडळात माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे, द. ल. गोखले व नाट्यछटाकार दिवाकर यांचा अंतर्भाव होता. एकत्र जमून परस्परांच्या रचना ऐकणे आणि त्यांवर चर्चा करणे, हा या मंडळींचा परिपाठ होता. त्याच वर्षी ‘किरण’ हा त्यांचा संयुक्त संग्रह प्रसिद्ध झाला.

कवीला स्वतःच्या रचनेतील उणीव सहसा दिसत नाही. कारण कागदावर जे उतरले नाही, ते त्याचे मन आपोआप पुरविते. श्रोत्याजवळ ही सोय नसते. वृत्तासाठी दीर्घ केलेला ऱ्हस्व, केवळ पादपूरणार्थ आलेला शब्द, यमकाच्या हट्टापायी झालेला दूरान्वय, या ठिकाणी त्याचा कान अडखळतो. ज्या मंडळातील यशवंत व गिरीश काव्यगायनासाठी प्रसिद्ध झाले आणि ज्यातील माधव जूलियन यांनी ‘छंदोरचना’ (१९२७) हा ग्रंथ सिद्ध केला, तेथे या श्रवणनिष्ठ परीक्षणाला पोषक भूमी होती, हे उघड आहे.

परंतु याच व्यवस्थेत तिची मर्यादाही दडलेली असते. जी लकब मंडळातील सर्वांचीच असते, ती दोष म्हणून कोणालाच जाणवत नाही. उलट वारंवार कानी पडून तिला संकेताची प्रतिष्ठा लाभते. आचार्य अत्रे यांनी ‘केशवकुमार’ या नावाने लिहिलेल्या ‘झेंडूची फुले’ (१९२५) या संग्रहात तत्कालीन कवींच्या, त्यांत या मंडळातील कवींच्याही, लकबींचे विडंबन आढळते. विडंबन अनुदार असू शकते. मात्र लकब अचूक हेरल्यावाचून ते साधत नाही. म्हणजे आप्तमंडळींकडून सहजी न होणारे कार्य येथे बाहेरच्या टीकाकाराने केले.

सारांश, हस्तलिखितासंबंधी दोन प्रश्न वेगळे ठेवणे इष्ट होय. ‘येथे अर्थ वा लय अडते काय?’ या प्रश्नाचे उत्तर समानधर्मी स्नेही उत्तम देऊ शकतो. ‘मुळात असेच का लिहावे?’ हा प्रश्न मात्र आपली अभिरुची ज्याला मान्य नाही, अशा वाचकापुढेच ठेवावा लागतो. पहिल्या प्रश्नाच्या समाधानकारक उत्तरावर विसंबून दुसरा टाळला गेला, की रचना निर्दोष होते, पण ती पूर्वीच्याच रचनांची आवृत्ती ठरण्याचा संभव असतो.