भिंतीवरचे काळे ठिपके

अलिबागसारख्या किनाऱ्यावरच्या गावात पावसाळ्यात चामड्याच्या चपला, कमरेचे पट्टे, पुस्तकांचे पुठ्ठे यांवर बुरशी चढते, यात कोणाला नवल वाटत नाही. आमच्या परिचयाच्या एका घरात मात्र भर मे महिन्यात एसीखालच्या भिंतीवर काळपट ठिपके उमटले. त्यांनी भिंत घासली, रंग दिला. महिन्याभरात ठिपके पुन्हा हजर! दरम्यान दमा असलेल्या धाकट्या मुलीचा खोकला वाढला होता. असे का झाले असावे?

आधी पाण्याचा हिशेब करू. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या आणि ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम वाफ असते. एसी लावलेल्या खोलीत २५ अंशांना ६० टक्के आर्द्रता धरली, तर ती १४ ग्रॅम भरते. उरलेली ९ ग्रॅम वाफ यंत्रातल्या थंड नळ्यांवर पाणी होऊन साचते, जसे बर्फ घातलेल्या पेल्याला बाहेरून थेंब येतात. दहा फूट लांब, रुंद व उंच खोलीत सुमारे २८ घनमीटर हवा मावते. फटींतून तासाला एवढीच बाहेरची हवा आत आली, तर आठ तासांत सुमारे दोन लिटर पाणी जमते. माणसांच्या श्वासातली वाफ वेगळीच.

हे पाणी नळ्यांखालच्या तबकात पडून निचऱ्याच्या नळीने बाहेर जायला हवे. नळीत धूळ व शेवाळासारखा बुळबुळीत थर साचला, किंवा तिचा उतार चुकला, की पाणी भिंतीत मुरते. बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतातच. क्लॅडोस्पोरियम, अ‍ॅस्परजिलस, पेनिसिलियम या घरांत नेहमी आढळणाऱ्या बुरश्या. रंग, कागद, लाकूड, धूळ हे त्यांचे अन्न. उणीव असते ती फक्त ओलाव्याची. म्हणून गळती झाल्यास भिंत एक-दोन दिवसांत वाळवावी. नुसता रंग दिल्याने ओल झाकली जाते, जात नाही.

पण दर वेळी दोष गळतीचाच असतो असे नाही. वर सांगितलेल्या हवेचा दवबिंदू सुमारे २५ अंश आहे. एसी १८ अंशांवर ठेवला आणि भिंतीची पलीकडची बाजू २५ अंशांखाली गेली, तर ती बाजू दमट हवेत पेल्यासारखीच पाझरते. मग ओळखायचे कसे? प्लॅस्टिकचा पारदर्शक तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटवून एक-दोन दिवस ठेवावा. थेंब तुकड्याच्या आतल्या बाजूला आले, तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला आले, तर हवेतून. पहिल्या प्रकारात नळी साफ करून उतार सुधारावा. दुसऱ्यात एसीचे तापमान वाढवावे.

कारण दूर केल्यावरच सफाई करावी. डाग चौरस मीटरभर किंवा कमी असेल, तर घरी करता येते. नाकातोंडावर एन-९५ मुखपट्टी, हातमोजे व चष्मा घालावा. कोरडा ब्रश मारू नये. त्याने बीजाणू घरभर उडतात. टणक पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने पुसून कोरडा करावा. भुसभुशीत झालेला गिलावा खरवडून नवा करावा. ब्लीचिंग पावडरीत संडास धुण्याचे आम्ल कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. दमेकऱ्याला त्या वेळी खोलीत थांबू देऊ नये.

वर्गात हे सहज दाखवता येईल. पावाचे दोन तुकडे घ्यावेत. एक उन्हात कडकडीत वाळवावा, दुसऱ्यावर पाणी शिंपडावे. दोन्ही वेगवेगळ्या पारदर्शक पिशव्यांत घालून तोंडे घट्ट बंद करावीत आणि आठवडाभर रोज निरीक्षणे लिहावीत. पिशव्या मात्र उघडू नयेत, तशाच टाकून द्याव्यात. बीजाणू दोन्ही तुकड्यांवर होते. मग बुरशी एकावरच का वाढली, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्यावे. त्या भिंतीचे उत्तरही त्यांना आपोआप सापडेल.