मुलांना परदेशी न्यायचंय? वयाकडे लक्ष ठेवा!

परवा शेजारच्या वहिनी लेकीची पत्रिका घेऊन आल्या. यजमान अमेरिकेत, ग्रीन कार्डधारक. लेक वीस वर्षांची. ‘बारावी होऊ दे, पदवी होऊ दे’ करता करता तिला तिकडे नेण्याचा अर्ज राहूनच गेलेला. आता चांगलं स्थळ आलंय, लग्न उरकून टाकावं का, असं विचारत होत्या.

मी म्हटलं, “वहिनी, जरा थांबा!”

मैत्रिणींनो, अमेरिकेच्या या कायद्यात ‘मूल’ म्हणजे एकवीस वर्षांखालचं आणि अविवाहित. ग्रीन कार्डधारक आईने वा वडिलांनी आय-१३० हा अर्ज भरायचा आणि नंबर लागेपर्यंत थांबायचं. मुलगी एकवीस ओलांडून गेली, तर रांग आणखी लांबते. मध्येच लग्न झालं, तर अर्जच रद्द! पालक अमेरिकेचे नागरिक असतील, तर एकवीस वर्षांखालच्या अविवाहित मुलांना मात्र रांग नाही.

२००२ च्या कायद्याने थोडा दिलासा दिलाय. अर्ज मंजुरीसाठी कचेरीत जितके दिवस राहतो, तितके दिवस नंबर लागतेवेळी वयातून वजा होतात. मंजुरीनंतर रांगेत गेलेले दिवस मात्र वजा होत नाहीत. नंबर लागल्यावर वर्षाच्या आत पुढची पावलं उचलावी लागतात.

आणखी एक. मुलांचा जन्मदाखला आजच काढून पाहा. पुष्कळ दाखल्यांत बाळाचं नावच नसतं! ते आधी नोंदवून घ्या.

वहिनींनी पत्रिका पिशवीत ठेवली. रात्री यजमानांना फोनवर सांगितलं, “आधी अर्ज भरा. स्थळाचं मग बघू.”