जुन्या शेव्हरोलेट पिकअपला हेडर बसवताना

शेव्हरोलेटची 1967 ते 1972 या काळातली सी-10 पिकअप अमेरिकेत आजही हौशी लोक घरच्या गॅरेजमध्ये दुरुस्त करतात. तिच्यातल्या 350 घनइंची, म्हणजे 5.7 लिटरच्या व्ही-8 इंजिनाला हेडर बसवणे हे नवशिक्यालाही जमणारे काम आहे. फक्त घाई नको.

आधी हेडर म्हणजे काय ते पाहू. इंजिनातून बाहेर पडणारा जळका वायू मूळ गाडीत मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे बिडाच्या एका आखूड पोकळ नळकांड्यात, गोळा होतो. या इंजिनाच्या डाव्या बाजूला 1, 3, 5, 7 क्रमांकाचे सिलिंडर असतात आणि त्यांतले 5 व 7 लागोपाठ पेटतात. शेजारशेजारच्या दोघांचा वायू त्या अरुंद जागेत एकमेकांना अडवतो. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी मिळते आणि चारही नळ्या पुढे कलेक्टर नावाच्या जाड नळीत एकत्र येतात. वायूची वाट मोकळी होते.

खरेदीपूर्वी आपल्या गाडीचा गिअरबॉक्स पाहा. हाताने गिअर बदलायचे असतील, तर डाव्या बाजूला क्लचचे दांडे असतात. स्टिअरिंगचा बॉक्सही तिथेच. हेडरच्या नळ्या त्यांना अडू नयेत, म्हणून हेडर नेमका आपल्या मॉडेलसाठी आहे ना, याची खात्री करा.

काम थंड इंजिनावरच सुरू करा. बॅटरीची ऋण तार आधी सोडा, कारण स्टार्टरच्या जाड केबलमध्ये कायम वीज असते. गाडी उचलल्यावर भक्कम स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका.

आता जुने बोल्ट. सर्वाधिक घोटाळा इथेच होतो. पन्नास वर्षांच्या उष्णतेने बोल्ट आट्यांमध्ये गंजून बसलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारा. पाना लावल्यावर बोल्ट थोडा सैल, पुन्हा थोडा घट्ट, असा पुढेमागे हलवत काढा. अडला तर जोर वाढवू नका. आणखी तेल द्या, थांबा. बोल्टचे डोके तुटले तर उरलेला तुकडा ड्रिलने काढावा लागतो, आणि त्यात दिवस जातो.

मॅनिफोल्ड निघाला की इंजिनाचा पृष्ठभाग खरवडून साफ करा. जुन्या गॅस्केटचा, म्हणजे सांध्यातून गळती रोखणाऱ्या पातळ थराचा, कपचाही उरता कामा नये. बोल्टच्या भोकांत टॅप, म्हणजे आटे पाडायचे हत्यार, फिरवून आटे स्वच्छ करा. हेडरच्या पट्टीवर सरळ कडेची पट्टी ठेवून पाहा. हेडरची पट्टी वाकडी असेल तर कितीही आवळले तरी गळती राहते.

हेडर जागेवर धरा, नवे गॅस्केट सरकवा आणि सहाही बोल्ट आधी हाताने लावा. एक बोल्ट घट्ट केला की बाकीची भोके जुळत नाहीत, ही नेहमीची चूक. मग मधल्या बोल्टपासून बाहेरच्या बाजूंकडे जात, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. टॉर्क पान्यावर साधारण 20 ते 25 फूट-पौंड पुरतात. तरीही हेडरसोबत आलेल्या कागदावरचा आकडा पाहा.

स्पार्क प्लगच्या तारा नळ्यांना टेकत नाहीत ना, हे एकेक करून तपासा. नळीला टेकलेली तार काही मिनिटांत वितळते. उजव्या बाजूला खाली स्टार्टर आहे. हेडर जवळून जात असेल तर मध्ये उष्णतारोधक कवच घाला. नाहीतर गरम इंजिन पुन्हा सुरू करताना स्टार्टर रखडतो.

जुना सायलेन्सरचा पाइप कलेक्टरला बहुधा जुळत नाही. मधला तुकडा वेल्डिंगने जोडून घ्यावा लागतो, तेव्हा वेल्डरची वेळ आधीच ठरवून ठेवा.

पहिल्यांदा इंजिन उघड्यावर सुरू करा. रंग जळून धूर येईल, त्याला घाबरू नका. पण थंड इंजिनातून टिकटिक आवाज आला आणि गरम झाल्यावर थांबला, तर कुठेतरी गळती आहे. इंजिन बंद करून पूर्ण थंड झाल्यावर मागच्या पाइपातून व्हॅक्यूम क्लीनरच्या उलट्या तोंडाने हवा सोडा आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावा. बुडबुडे येतील तिथे दोष आहे.

इंजिन एकदा तापून गार झाले की बोल्ट थोडे सैल होतात. ते पुन्हा आवळा आणि काही दिवस गाडी चालवल्यावर आणखी एकदा तपासा. हे टाळल्यामुळेच बहुतेक गॅस्केट जळतात.

शेवटी स्पार्क प्लग काढून पाहा. टोकाजवळची चिनीमाती फिकट तपकिरी असेल तर उत्तम. पांढरीफटक असेल तर इंधन कमी पडते आहे, आणि कार्बोरेटरचा जेट, म्हणजे इंधन जाण्याचे छिद्र, मोठा करावा लागेल.

काढलेले बिडाचे मॅनिफोल्ड भंगारात देऊ नका. त्यांच्यावर मूळ ओतीव क्रमांक असतात, आणि पुढे गाडी मूळ रूपात आणायची झाली तर तेच लागतील.